ट्रॉलीच्या चाकाच्या हबला दोन महिन्यांत तीनदा नवीन सील टाकलं तरी ग्रीस गळतंच. बसवताना काय चुकत असेल?

दोन महिन्यांत तीन सील बदलली म्हणताय, तर सीलला दोष देणं आता सोडा. हब उतरवल्यावर आसाचा जो भाग सीलच्या लिपखाली, म्हणजे आतल्या रबरी कडेखाली येतो, तो चिंदीने लख्ख पुसा आणि त्यावर नख फिरवून बघा. नख अडकलं म्हणजे तिथे खाच पडलीय. त्यावर कितीही महागडं सील घाला, गळणारच. नुसता गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर आसाभोवती गोल फिरवा. लांबीच्या दिशेने ओढू नका, ते ओरखडे ग्रीसला बाहेर यायला वाट करून देतात. खाच खोल असेल तर लेथवाल्याकडून त्यावर स्लीव्ह, म्हणजे धातूची पातळ नळी बसवून घ्या.

आमच्या उसाच्या दोन ट्रॉल्या आहेत. पहिल्या हंगामात मी सील चक्क उलटं ठोकलं होतं. लिपमधली बारीक गोल स्प्रिंग बेअरिंगकडे, म्हणजे ग्रीसच्या बाजूला हवी. माझी बाहेरून दिसत होती. कारखान्यावर नंबर लागायच्या आत रिमवर काळे ओघळ! आणि आतलं बेअरिंग ग्रीस भरून आधी ठेवा, मग सील. हसू नका, घाईत विसरतं माणूस.

नवीन घेताना जुन्यावरचे आकडे जुळवा. 60-80-10 म्हणजे आस 60, हबचं भोक 80, जाडी 10 मिमी. लिपला बोटाने थोडं ग्रीस लावा. वर सीलपेक्षा मोठा सपाट लाकडी गुटका ठेवून हलके ठोके द्या. थेट हातोडी मारली की सीलचा पत्रा वाकतो आणि सील तिरकं बसतं. गुटका हबच्या कडेला टेकला की आवाज बदलतो, तिथेच थांबा.

हब चढवताना आसाच्या टोकाच्या आट्यांवर टेप गुंडाळा, नाहीतर वजनाने हब कलतो आणि लिप आट्यांवर घासून कापलं जातं.

ग्रीस बेअरिंगच्या रोलरांत तळहाताने दाबून भरा, पण हबची पोकळी गच्च भरू नका. तापलं की ते सीलमधूनच वाट काढतं. नट हब फिरवत आवळा, मग सैल करून नुसत्या बोटांनी टेकवा आणि स्प्लिट पिन नवीनच घाला. नट ढिला राहिला तर हब डुलतो आणि लिप एका बाजूने झिजतं. पहिल्या दहा किलोमीटरनंतर हबला हात लावून बघा. कोमट चालेल. चटका बसला तर नट जास्त आवळला असेल.