बँडचा ‘साउंड’ : आवाज, पोत की बाज?

प्रश्न असा आहे : ‘मॅसिव्ह अटॅक’ या इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या ट्रिप-हॉप (हिप-हॉपच्या तालावरचं संथ, गडद संगीत) बँडवर मराठीत लिहायचं आहे. अल्बमागणिक त्यांचा ‘साउंड’ बदलत गेला, हे कसं सांगू? ‘ध्वनी’ लिहिलं की विज्ञानाचं पुस्तक वाटतं.

बेलाशक ‘बाज’ लिहा. आपल्या संगीतात हा शब्द नेमका याच कामाचा आहे. तबल्याचा दिल्ली बाज, पूरब बाज. सतारीचा मसीतखानी बाज. वाद्य तेच असतं. हात ठेवायची रीत, लय, वजन यांतून जी ओळख उभी राहते तो बाज.

‘आवाज’ का चालणार नाही, ते याच बँडवरून छान कळतं. जमैकाचा गायक होरेस अँडी त्यांच्या पाचही अल्बमांत गायला आहे. १९९१ च्या ‘ब्लू लाइन्स’मधलं ‘वन लव्ह’ ऐका. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडच्या जुन्या रेकॉर्डवरून उचललेला तुकडा संथपणे फिरत राहतो आणि अँडी त्यावर निवांत गातो. मग १९९८ च्या ‘मेझनीन’मधलं ‘एंजल’ लावा. सुरुवातीला खर्जातला बेस, त्यावर त्याचा तोच कापरा, उंच गळा. पुढे गिटारी अशा अंगावर येतात की हाच बँड का, असं वाटावं. आवाज तोच आहे, बाज पार पालटला आहे. हा पालट बँडमधल्या सगळ्यांना मानवला नाही. १९९९ मध्ये मश्रूम म्हणजे अँड्र्यू व्हाउल्स बाहेर पडला.

‘पोत’ हाही सुंदर शब्द, पण त्याचा आवाका लहान. जुन्या रेकॉर्डची खरखर, ड्रमचा कोरडेपणा, सिंथेसायझरचा गुळगुळीतपणा हा पोत. २००३ च्या ‘हंड्रेड्थ विंडो’त त्यांनी जुन्या रेकॉर्डचे तुकडे वापरणंच सोडलं, तेव्हा आधी बदलला तो पोत, आणि त्यामुळे बाज. अशा ठिकाणी दोन्ही शब्द वापरा, लेखन नेमकं होईल. ‘शैली’ चूक नाही, पण ती कवितेलाही लागते आणि फलंदाजीलाही; तिच्यात कानाला काय जाणवतं ते येत नाही.

लिंग मात्र सांभाळा. ‘तो बाज’ म्हणजे ढंग, ‘ती बाज’ म्हणजे खाट. म्हणून ‘बँडचा बाज बदलला’, ‘रेगेच्या (जमैकाच्या लोकप्रिय संगीताच्या) बाजाचं गाणं’.

एका जागी ‘साउंड’ तसाच राहू द्या. ही मंडळी ब्रिस्टलच्या ‘वाइल्ड बंच’ नावाच्या साउंड सिस्टीममधून पुढे आली. जमैकातून आलेल्या या प्रथेत साउंड सिस्टीम म्हणजे नुसते स्पीकर नव्हेत; स्पीकर, रेकॉर्डी आणि त्या वाजवणारी, माइकवर बोलणारी सगळी टोळी त्यात येते. तिथे ‘ध्वनियंत्रणा’ लिहिलंत तर माणसंच गळून पडतील.