आकडे मोजणारा आणि माणूस बघणारा

प्रश्न : माझं वय ४६. रक्तदाबाची गोळी चालू आहे. दीड महिन्यापूर्वी पर्सनल ट्रेनर लावला. पहिल्याच दिवशी त्याने शंभर स्क्वॉट काढायला लावले. पुढचे तीन दिवस मी कठड्याला धरून जिना उलटी उतरत होते. सांगितलं तर म्हणाला, "दुखतंय म्हणजे लागू पडतंय." मोजताना मधूनच फोन बघतो. पण मुलगा उत्साही आहे, शरीर कमावलेलं आहे. चांगला ट्रेनर ओळखायचा कसा?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गोळीचं तुम्ही मला पहिल्या दोन ओळींत सांगितलंत. त्याने कधी विचारलं का, ते पत्रात कुठेच नाही. खरं तर तिथूनच सुरुवात व्हायला हवी. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी फार वाढू देत नाहीत. अशा वेळी घड्याळातला ठोक्यांचा आकडा फसवतो. त्यापेक्षा साधी खूण बरी : बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे श्रम मध्यम. व्यायाम किती झेपेल हे डॉक्टरांना विचारा, गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

मी नव्या माणसाला आधी खुर्चीत पाच वेळा बसायला-उठायला सांगते आणि बाजूला गप्प उभी राहते. गुडघे आत वळतात का? उठताना हात मांडीवर जातो का? श्वास कोंडला जातो का? जोर लावताना श्वास रोखला की दाब एकदम चढतो, म्हणून तुमच्या बाबतीत माझी नजर आधी तिथे गेली असती. फोनवर नजर असलेल्याला हे दिसणार कसं?

आता दुखण्याचं. स्क्वॉटमध्ये खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. जिना उतरतानाही तेच होतं, म्हणून तुम्हाला उतरणं जड गेलं. सवय नसलेल्या कामाने असं दुखतं, २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त. त्यातून काम नवं होतं एवढंच कळतं. ताकद वाढली की नाही, ते कळत नाही. (लघवी काळपट झाली तर मात्र तडक डॉक्टरांकडे जा.) सुरुवातीच्या वर्षांत मीही लोकांना असंच दमवायची. ते वाहवा करायचे आणि चौथ्या दिवसापासून यायचे बंद व्हायचे!

प्रमाणपत्र बघा, प्रथमोपचार येतात का विचारा. शरीर कमावलेलं असणं ही त्याची स्वतःची मेहनत, शिकवणं वेगळं.

मुलाला लगेच काढू नका. "पहिल्या आठवड्यात मी किती वजन उचललं होतं?" एवढं विचारा. वही उघडली तर आशा आहे. आणि पुढच्या वेळी तो फोन बघत मोजत असेल, तर सातव्या स्क्वॉटनंतर नुसत्या उभ्या राहा. तो आठ म्हणतो का ते बघा.