डोंगरफेरी: आधी कोणती बाजू चढायची?

प्रश्न: आम्ही चौघं मित्र डिसेंबरात परतवाडा–चिखलदरा–परतवाडा अशी गोल फेरी धावायची म्हणतोय. एक रस्ता धामणगाव गढीवरून, दुसरा बिहाली–घटांगवरून. दोघांचं म्हणणं असं की घटांगचा चढ सावकाश आहे, तिकडून चढू आणि धामणगावचा घाट उतरून घरी येऊ. बाकी दोघं उलट म्हणतात. तुम्ही काय सुचवाल?
— एक वाचक, परतवाडा

उत्तर: धामणगाव गढीकडून चढा, घटांगकडून उतरा.

गोल फेरीत एकूण चढ दोन्हीकडून सारखाच असतो. बदलतं ते इतकंच की खडी बाजू तुमच्या वाट्याला चढ म्हणून येते की उतार म्हणून, आणि त्या वेळी घड्याळात किती वाजलेले असतात. चिखलदरा परतवाड्यापेक्षा साधारण 700 मीटर उंच आहे. फक्त हिशेबासाठी धरा की एका बाजूने ही उंची 12 किलोमीटरमध्ये गाठली जाते आणि दुसऱ्या बाजूने 28 किलोमीटरमध्ये. म्हणजे पहिल्या बाजूला दर 100 मीटरला सुमारे 6 मीटर चढ, दुसऱ्या बाजूला अडीच. सहाच्या चढावर, त्यातही वळणांवर, झपझप चालणारा माणूस धावणाऱ्याच्या फार मागे पडत नाही आणि त्याची दमछाक कमी होते. त्यामुळे खडा चढ चालून काढला तरी फारसं नुकसान नाही. अडीचच्या उतारावर मात्र पाय आपोआप पडत जातात, धावल्याचा पुरेपूर फायदा मिळतो. उलट फेरीत हे दोन्ही हातचं जातं: सौम्य चढावर वेळ वाचवायचा तर सतत धावावं लागतं आणि खड्या उतारावर सतत स्वतःला आवरावं लागतं.

हे आवरणंच महागात पडतं. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणंही नको होतं. ताजे पाय हे सोसतात. तीस-चाळीस किलोमीटर झालेले पाय सोसत नाहीत: गुडघा वाकेनासा होतो, टाच आपटायला लागते, अंगठ्याचं नख बुटाच्या पुढच्या टोकावर घासून काळं पडतं. घाट शेवटी ठेवला की बहुतेकांची फेरी तिथेच बिघडते.

पण आपल्याकडे चढापेक्षाही उन्हाला मी जास्त महत्त्व देतो. गाविलगडची दक्षिण बाजू पूर्णेच्या खोऱ्याकडे तोंड करून आहे, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून त्या बाजूचा घाट सकाळी लवकरच तापू लागतो. डिसेंबरात पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवतो. त्या वेळी तुम्ही घाटाच्या पायथ्याशी असाल अशा बेताने निघा. त्याआधीचा रस्ता शेतशिवारातून आणि गावांतून जातो. हेडलॅम्प आणि चमकपट्टीचं जाकीट असेल तर अंधारातही तो धावता येतो. घटांगकडचं जंगल मात्र अंधारात नको. अस्वल पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडतं, आणि वळणावर अचानक समोर आलेला माणूस त्याला खपत नाही. धामणगावकडून आलात तर ते जंगल तुम्हाला लख्ख उजेडात लागेल. चौघं एकत्र राहा, बोलत चला, कानात इअरफोन नको. डांबरी रस्ता सोडून पायवाटेने आत शिरू नका. हा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा परिसर आहे, तेव्हा वनविभागाच्या नाक्यावर आदल्या दिवशी जाऊन रस्त्याची आणि वेळेची विचारपूस करा.

वार शक्यतो मंगळवार-बुधवार धरा. शनिवारी सकाळी पर्यटकांच्या गाड्या घाट चढतात आणि रविवारी संध्याकाळी उतरतात. समोरची गाडी दिसावी म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने धावा. पण उजवीकडे वळणाऱ्या आंधळ्या वळणावर पलीकडे जा, कारण तिथे कडेचा डोंगर समोरचं सगळं झाकतो.

या दिशेचा एक तोटा आहे. शेवटचा सपाट टप्पा दुपारच्या उन्हात येतो. हजार मीटर उतरलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी तापते, म्हणजे चिखलदऱ्यावरून खाली आल्यावर चार-पाच अंशांचा फरक अंगावर येतो, आणि तोही दमल्यावर. म्हणून चिखलदऱ्यातून निघायची वेळ आधीच ठरवून ठेवा. ती चुकली तर पुढे न जाता एसटीने परतवाड्याला या. वाटेत मोठी सुटकेची जागा ती एकच, आणि ती बरोबर जंगलाच्या तोंडाशी आहे. तिथेच प्रत्येकाने दीड-दोन लिटर पाणी भरून घ्या, पुढे दुकानांचा भरवसा धरू नका. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच कालवा. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट केलं तर तहान वाढते आणि पोट बिघडतं.

फेब्रुवारीनंतर हा बेत दोन्ही दिशांनी सोडून द्या.

प्रश्न: मोर्शीजवळ सगळी सपाट जमीन. उताराचा सराव कुठे आणि किती करावा?
— एक वाचक, मोर्शी तालुका

उत्तर: रेल्वे उड्डाणपुलाचा उतार 300 मीटर मिळाला तरी पुरे. चालत वर जा, धावत खाली या. पहिल्या दिवशी चार फेऱ्या, नंतर वाढवत दहापर्यंत. दहा दिवसांतून एकदाच, आणि मुख्य धावेच्या आठ आठवडे आधीपासून. एकदा दुखून बरा झालेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाला पुष्कळ कमी दुखतो, सगळा सराव त्याच्यासाठीच. शेवटचे दहा दिवस उतार बंद. पावलं छोटी आणि भराभर टाका, मागे रेलू नका. बुटाची लेस सगळ्यात वरच्या जादा भोकातून घेऊन घोट्याशी आवळा म्हणजे पाय पुढे सरकत नाही.

प्रश्न: नेपाळातली अन्नपूर्णा फेरी सगळे मनांगकडूनच का करतात? मुक्तिनाथाचं दर्शन आधी घेऊन उलट गेलं तर?
— एक वाचक, अंजनगाव सुर्जी

उत्तर: तिथे पायांपेक्षा फुफ्फुसांचा प्रश्न आहे. मनांग 3,540 मीटरवर, थोरोंग फेदी 4,450 च्या आसपास आणि थोरोंग ला खिंड 5,416 मीटरवर. या बाजूने उंची टप्प्याटप्प्याने चढते आणि प्रत्येक टप्प्यावर मुक्काम करता येतो. मुक्तिनाथ 3,800 च्या आतबाहेर आहे. तिथून निघालं की एका दिवसात 1,600 मीटर चढून खिंड ओलांडायची आणि मग पलीकडे उतरायचं. 3,000 मीटरच्या वर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा नियम उलट्या दिशेने पाळणं अवघड होतं. डोकेदुखीसोबत मळमळ सुरू झाली तर वर जायचं नाही. वाढली तर खाली उतरायचं, मग रात्र का असेना.

नेहमीच्या दिशेची एक अडचणही सांगतो. मुक्तिनाथाहून जोमसोमकडे उतरताना काली गंडकीच्या खोऱ्यातला वारा समोरून येतो. दुपार चढत जाईल तसा तो जोर धरतो, म्हणून हा टप्पा सकाळी लवकर उरका.

प्रश्न: अमेरिकेतली हार्डरॉक शर्यत दरवर्षी दिशा बदलते. मग सोपी दिशा कोणती?
— एक वाचक, दारव्हा

उत्तर: कोलोरॅडोमधली ही शंभर मैलांची फेरी सिल्व्हरटनला सुरू होते आणि तिथेच संपते. 2021 मध्ये घड्याळाच्या उलट दिशेने फ्रान्स्वा देनने 21 तास 45 मिनिटं 50 सेकंद घेतले. 2022 मध्ये घड्याळाच्या दिशेने किलियन जोर्नेने 21 तास 36 मिनिटं 24 सेकंद. माणसं वेगळी, वर्षं वेगळी, तरी फरक दहा मिनिटांच्या आत! अव्वल धावपटूला दिशा फार अडवत नाही. मागच्या धावकांचं मात्र तसं नाही. मार्गातलं सर्वांत उंच शिखर हँडीज, सुमारे 4,280 मीटर. घड्याळाच्या दिशेने ते निम्म्यानंतर, बहुतेकांना रात्री लागतं. उलट दिशेने बरंच आधी, दिवसा. रात्री थंडी आणि झोप छळते, तर जुलैतल्या दुपारी विजा कडाडतात. वादळ असेल तर उघड्या शिखरावर थांबायचं नसतं.

प्रश्न: मोबाइलमधला जुना ट्रॅक उलटा करून धावलो तर चालेल का?
— एक वाचक, धारणी

उत्तर: चालेल, पण फाट्यांवर सावध राहा. मागच्या वेळी जिथे एखादी वाट बाजूने येऊन तुमच्या वाटेला मिळाली होती आणि तुम्ही मान वळवूनही पाहिलं नव्हतं, तिथे आता समोर दोन वाटा फुटलेल्या दिसतील. उताराच्या वेगात माणूस रुंद वाट धरतो. घरी बसून असे सगळे सांधे नकाशावर शोधा, त्यांचं किलोमीटर उलट्या दिशेने मोजून कागदावर लिहा आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा. प्रत्येक सांध्याच्या 200 मीटर आधी चालायला लागा.