सहा वर्षं जुनं ड्रम किट: घ्या, पण मागितलेल्या किमतीला नको

प्रश्न: वय ४१. आठ महिन्यांपासून क्लासला जाऊन ड्रम शिकते आहे. घरच्या सरावासाठी इलेक्ट्रॉनिक किट हवंय. ओळखीतून मधल्या श्रेणीतलं, मेश (जाळीच्या) पॅडचं, सहा वर्षं जुनं किट मिळतंय. मालक त्याच तोडीच्या नव्या किटच्या आजच्या किमतीच्या ६० टक्के मागताहेत आणि रविवारपर्यंत उत्तर हवं म्हणतात. साधारण तेवढ्याच पैशांत रबरी पॅडचं सुरुवातीचं कोरं किट वॉरंटीसह येतं. मी आठ महिने बाजूला टाकलेल्या पैशांतून मागणीची ७० टक्के रक्कम भरते. उरलेली अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशांतून काढावी असं मनात आहे. ते पैसे चार महिन्यांच्या घरखर्चाइतके आहेत. दीर म्हणतात, जुनं कशाला, कर्ज काढून मधल्या श्रेणीतलं नवंच घ्या. गृहकर्ज चालू आहे. अशा वेळी स्वतःच्या हौसेवर एवढा खर्च करावा का?

उत्तर: तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं पत्र त्याच्या ओझ्याखाली लिहिलेलं वाटतं. हो, करावा. आठ महिने क्लास न चुकवता केलात आणि त्याच आठ महिन्यांत दर महिन्याला पैसेही बाजूला टाकलेत. हौस खरी आहे की चार दिवसांची, हे ओळखायला माझ्याकडे याहून चांगली खूण नाही. गृहकर्जाचा हप्ता वेळेवर जातो आहे आणि हे पैसे मुलांच्या शिक्षणाच्या किंवा निवृत्तीच्या गुंतवणुकीतून काढलेले नाहीत. मग त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. गृहकर्ज वीस वर्षं चालतं. ते फिटेपर्यंत स्वतःसाठी काही घ्यायचंच नाही, असा नेम कुणी करू नये.

आता किटकडे वळू. माझं मत थोडक्यात असं: जुनं किट घ्यायची कल्पना चांगली आहे, मागितलेली किंमत जास्त आहे आणि अडीअडचणीच्या पैशांना हात लावायचा नाही.

हिशेब सोपा व्हावा म्हणून मालकांची मागणी १०० धरू. म्हणजे तसंच नवं किट साधारण १६७ला पडतं, रबरी पॅडचं कोरं किट ९५ धरू आणि तुमची शिल्लक ७०. तीन वर्षं वाजवून किट विकलं, तर खिशातून कायमचे किती गेले, हा आकडा काढायचा. बहुतेक जण किमतीपाशीच थांबतात. पण वाद्य हातात असताना त्यात अडकलेला पैसा आणि परत न येणारा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुनर्विक्रीचे आकडे माझे अंदाज आहेत. तुमच्या भागातल्या जुन्या किटच्या जाहिराती पाहून ते बदलून घ्या.

दिरांचा पर्याय आधी. १६७मधले ७० तुमचे, ९७चं कर्ज. दर १६ टक्के आणि मुदत दोन वर्षं धरली, तर परतफेड ११४च्या आसपास होते, म्हणजे १७ फक्त व्याज. एकूण खर्च १८४. तीन वर्षांनी निम्म्या किमतीला विकलं, तर ८३ परत. कायमचे गेले सुमारे १००. दुकानदार बिनव्याजी हप्ते देत असेल, तर प्रक्रिया शुल्क किती ते विचारा आणि रोख घेतल्यास किंमत किती उतरते तेही विचारा. त्या दोन आकड्यांत व्याज सापडतं. दिरांचा हेतू चांगला आहे, नव्या वस्तूची निश्चिंती त्यांना हवी आहे. पण नव्या किटच्या किमतीची सगळ्यांत मोठी घसरण पहिल्या मालकाच्या वाट्याला येते आणि ती घसरण तुम्ही कर्जाने विकत घ्याल.

रबरी पॅडचं कोरं किट: ९५ला घेतलं, तीन वर्षांनी ३५ आले, गेले ६०. सुरुवातीच्या किटला पुढे गिऱ्हाईक मिळतं, पण भाव मिळत नाही. शिवाय आठ महिने क्लासच्या ड्रमवर हात बसल्यावर रबरावर काठी वेगळीच उसळते आणि पॅडवर आघात झाल्याचा ठकठक आवाजही मेशपेक्षा मोठा येतो. वर्षभरात बदलावंसं वाटण्याची शक्यता या पर्यायात सगळ्यांत जास्त आहे. तसं झालं तर हा सगळ्यांत महाग पर्याय ठरतो.

जुनं किट मागितल्या किमतीला, म्हणजे १००ला घेतलं, तीन वर्षांत एखादी मेश, एखादा सिंबल (झांजेचा) पॅड, केबल यांवर १० खर्च झाले आणि ५०ला विकलं, तर गेले ६०. कोऱ्या किटइतकेच. पण कोऱ्या किटला वॉरंटी आहे, याला नाही. याचं मॉड्यूल, म्हणजे आवाज काढणारा डबा, बंद पडलं, तर पॅड आणि रॅकचे (पॅड बसवायच्या चौकटीचे) मिळून फार तर २० येतील. मग तोटा ९०. हेच किट ८०ला मिळालं, तर सगळं नीट चालल्यास तोटा ४०, मॉड्यूल गेलं तरी ७०. म्हणजे ८०ला घेतलेल्या जुन्या किटचं वाईटात वाईट झालं, तरी तुमचा तोटा कर्जाने घेतलेल्या धडधाकट नव्या किटपेक्षा कमी राहतो. १००ला घेतलं, तर मॉड्यूलची जोखीम तुम्ही फुकट अंगावर घेता. त्या जोखमीचं मोल किमतीतून वजा झालं पाहिजे, म्हणून माझी वरची मर्यादा ८०. बोलणी ७०पासून सुरू करा.

मी मॉड्यूलवर इतका भर का देते? इलेक्ट्रॉनिक किटमध्ये पॅड हे साधं प्रकरण आहे. आत एक पीझो सेन्सर असतो, तो आघाताच्या कंपनांचं विजेच्या क्षीण संकेतात रूपांतर करतो. त्या संकेतावरून कुठला आवाज किती जोरात वाजवायचा हे मॉड्यूल ठरवतं. सेन्सर, मेश, केबल सुटे मिळतात आणि बदलता येतात. मॉड्यूलची दुरुस्ती कठीण. ते मॉडेल कंपनीने बंद केलं असेल, तर सुटे भाग मिळणं दिवसेंदिवस अवघड होत जातं. वयाची मात्र धास्ती घेऊ नका. रोलँड कंपनीने मेशचे पॅड १९९७ साली टीडी-१० किटबरोबर आणले आणि त्या काळची किट आजही वाजवणारे लोक आहेत. किट किती वर्षांचं आहे यापेक्षा ते कसं वापरलं गेलं हे महत्त्वाचं.

म्हणून किट पाहायला जाल तेव्हा तासभर तरी वेळ मागून घ्या. शक्य असेल तर क्लासच्या सरांना सोबत न्या. आपले तारवाले हेडफोन न्या, वायरलेस नको. त्यांत आवाज किंचित मागाहून येतो आणि किटमध्येच दोष आहे असं वाटतं. पोहोचल्यावर मालकांच्या परवानगीने मॉड्यूल फॅक्टरी रीसेट करा. त्यांनी जपून ठेवलेल्या सेटिंग पुसल्या जातील, म्हणून आधी विचारा. रीसेट एवढ्यासाठी की थकलेला सेन्सर सेन्सिटिव्हिटी वाढवून झाकता येतो. मूळ सेटिंगवर अगदी हलक्या हाताने स्नेअर (पुढ्यातला मुख्य ड्रम) वाजवा, मधून कडेकडे सरकत जा. काही पॅडमध्ये सेन्सर मध्यभागी असतो, तिथे आवाज थोडा मोठा येणं स्वाभाविक आहे. कडेला कुठे आवाज अजिबात उमटत नसेल, तर तो दोष. रिमवर (पॅडच्या कड्यावर) वेगळा आवाज येतो का ते पाहा. सिंबलची कड वाजवून लगेच चिमटीत दाबा, आवाज तिथल्या तिथे तुटला पाहिजे. कडेखालचा स्विच खराब झाला की तो तुटत नाही. हाय-हॅटचं (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांचं) पेडल हळूहळू सोडा. आवाज बंदपासून उघड्यापर्यंत टप्प्याटप्प्याने बदलायला हवा, एकदम उडी मारायला नको. एक टॉम (स्नेअरभोवतीचा ड्रम) जोरात वाजवताना दुसराच कुठला पॅड बोलतो का, यावरही कान ठेवा.

एखादा पॅड मुका निघाला, तर लगेच घाबरू नका आणि "किरकोळ आहे, होऊन जाईल" हेही ऐकून घेऊ नका. चालू पॅडची केबल दोन्हीकडून काढून त्याला आणि मॉड्यूलच्या त्याच्याच इनपुटला लावा. बोलला, तर केबलचा दोष, तो स्वस्तात सुटतो. नाही बोलला, तर चालू पॅड त्या मुक्या पॅडच्या जागेवर, मॉड्यूलच्या त्याच इनपुटला लावून वाजवा. तो वाजला, तर दोष पॅडचा आहे, दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. चालू पॅडही तिथे मुका राहिला, तर दोष मॉड्यूलचा आहे. नमस्कार करून निघून या. अशा वेळी मालक किंमत आणखी उतरवतील, तरी थांबू नका.

मॉड्यूल निदान अर्धा तास चालू राहू द्या. काही दोष उपकरण तापल्यावरच दिसतात. हेडफोनचा जॅक हलवून खरखर होते का, फिरवायचं बटण आकडे गाळतं का, स्क्रीन सगळीकडे वाचता येते का, हे पाहा. यूएसबी चालत असेल तर लॅपटॉपला जोडून संकेत पोहोचतात का तेही पाहा. मॉड्यूलचे आवाज जुने वाटू लागले, तर संगणकातल्या ड्रम सॉफ्टवेअरचे आवाज याच पॅडवर वाजवता येतात. त्यामुळे चालू यूएसबी म्हणजे किटचं वाढलेलं आयुष्य. अडॅप्टर मूळचा आहे की बदललेला, त्यावरचे व्होल्ट आणि ध्रुवता मॉड्यूलवर छापलेल्या माहितीशी जुळतात का, हे दोन मिनिटांचं काम विसरू नका. रॅकचे क्लॅम्प घट्ट बसतात ना? प्लॅस्टिकचे आटे गेलेले असतील, तर वाजवताना पॅड खाली झुकत राहतात.

बिल मागा आणि मॉड्यूलच्या मागचा अनुक्रमांक त्याच्याशी ताडून पाहा. बिल हरवलं असेल, तर विक्री केल्याची सहीची चिठ्ठी घ्या, त्यात अनुक्रमांक लिहून.

आता पैशांची जुळणी. तुमच्या पत्रात एक गोष्ट सुटली आहे. मधल्या श्रेणीच्या किटबरोबर किक पेडल (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं), बसायचं स्टूल आणि हेडफोन पुष्कळदा येत नाहीत. नव्याबरोबरही नाही. मालक काय काय देणार ते आधीच विचारून लिहून घ्या. शिवाय तुमच्या खाली कुणी राहत असेल, तर जाड चटई लागेलच. मेशचा आवाज हवेतून फार जात नाही, पण किकचा धक्का पायाखालच्या जमिनीतून खालच्या घरात पोहोचतो. चटईने तो कमी होतो, नाहीसा होत नाही. या सगळ्याला १२ ते १५ धरा.

म्हणजे किट ८०ला मिळालं, तरी एकूण गरज ९२ ते ९५ची. तुमच्याजवळ ७० आहेत आणि आठ महिन्यांत ७० जमले म्हणजे महिन्याला ९च्या आसपास टाकता. पुढच्या पगारानंतर ७९ होतील, किट घरी येईल. पेडल आणि बाकीचं त्यानंतरच्या दोन महिन्यांत. तोवर घरी हातांचा सराव करा, पायाचा क्लासमध्ये होतोच आहे.

चार महिन्यांचा राखीव पैसा तुम्हाला मोठा वाटत असेल. हप्त्यांसह सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, असं मी गृहकर्ज असलेल्या घरांना सांगते. म्हणजे तुमची रक्कम आधीच अपुरी आहे. नोकरीत खंड पडला किंवा घरात कुणी आजारी पडलं, तर तेव्हा जुनं किट आठ दिवसांत योग्य भावाने विकता येत नाही. त्या पैशांतून ३० उचलून "पुढच्या महिन्यापासून भरून काढू" म्हणाल, आणि पुढच्या महिन्यात पेडल घ्यायचं असेल. क्रेडिट कार्डावरून रोख काढायचा विचार तर मनातही आणू नका. त्यावर व्याज पहिल्या दिवसापासून लागतं.

राहिला रविवार. मालकांना फोन करून सांगा की तुम्ही रविवारी येऊन किट पूर्ण तपासाल, पसंत पडलं आणि भाव जमला तर थोडी विसार रक्कम देऊन पावती घ्याल आणि पगार झाल्यावर बाकीचे देऊन किट न्याल. तपासायच्या आधी विसार द्यायचा नाही. त्यांना तेवढे दिवस थांबायचं नसेल किंवा ८०पर्यंत खाली यायचंच नसेल, तर हे किट सोडून द्या. हौसेने घेतलेली आणि मग बाजूला पडलेली किट बाजारात नेहमी येत असतात. दर महिन्याला पैसे टाकत राहिलात, तर पुढचं किट दिसेल तेव्हा तुमच्याजवळ आजच्यापेक्षा जास्त रक्कम असेल आणि तपासायचं कसं हेही माहीत असेल.

घेतल्यावर खोका, अडॅप्टर, केबल, ड्रम-की (मेश ताणायची किल्ली) आणि बिल एकत्र जपून ठेवा. मालकांकडून मूळ खोका मिळाला तर तोही घ्या. काही कारणाने क्लास सुटला आणि चार-पाच महिने काठ्या हातात घेतल्या गेल्या नाहीत, तर घरात ठेवून न देता विकायला काढा. इलेक्ट्रॉनिक वाद्याची किंमत ते न वाजवताही उतरत राहते.