कटलरीच्या दुकानात चमचे का नाहीत?

प्रश्न : आमच्याकडे टिकल्या, पिना, कानातले, माळा मिळतात त्या दुकानाला सगळे 'कटलरी' म्हणतात. पुण्याची मामेबहीण आली होती, ती हसायलाच लागली, म्हणे कटलरी म्हणजे काटे-चमचे. बरोबर कोण? आणि हा शब्द आला कुठून? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : ताई, डिक्शनरीत बघाल तर मामेबहीण बरोबर, पण बाजारात तुम्हीच बरोबर. मूळ शब्द लॅटिन 'कुल्टर', म्हणजे चाकू. त्यावरून फ्रेंचमध्ये चाकूवाल्याच्या धंद्याचा शब्द झाला आणि तिथून तो इंग्रजीत गेला. म्हणजे कटलरी आधी चाकू-कात्र्यांची, काटे-चमचे पण त्यात नंतरच आले. आपल्याकडे कात्री, नेलकटर, कंगवा, आरसा, रिबिनी, पावडर हे सगळं किरकोळ सामान एकाच काउंटरवर विकलं जायचं, मग बोर्डावर 'जनरल अँड कटलरी स्टोअर्स', आणि हळूहळू चाकू मागे पडला, टिकल्यांची पाकिटं पुढे लटकली, नाव तेच राहिलं. गुजरातीतही कटलरी म्हणजे हेच, त्यामुळे नंदुरबार-नवापूरकडचा माणूस सुरतेत गेला तरी अडत नाही. घरात आजी पण अहिराणीत बिनधास्त सांगते, 'कटलरीना दुकानमा जाय, टिकल्या लई ये'.

पण याच्या आधी आपल्याकडे या धंद्याला शब्द नव्हता असं नाही हं. मण्यार! संस्कृतातला मणिकार, मणी घडवणारा. कुंभकाराचा कुंभार, सुवर्णकाराचा सोनार, तसा मणिकाराचा मण्यार. हिंदीत तोच मनिहार, आणि त्याच्या मालाला मनिहारी. पुढे मण्यांपेक्षा बांगड्याच जास्त विकल्या जाऊ लागल्या, म्हणून मण्यार म्हटलं की बांगडीवाला. जळगावकडे हे आडनाव अजून भरपूर ऐकू येतं. माझं विचाराल तर शब्द म्हणून मला मण्यारच आवडतो, कटलरीला काही तो खणखणाट नाही.

आता कटलरीत नेमकं काय काय येतं? श्रावणात कानबाई (आपल्या खानदेशातली देवी, नारळाच्या रूपात पुजतात) बसवायच्या आधी दुकानात जाऊन बघा, नारळाला लावायची नथ, डोळे, छोटं मंगळसूत्र, बेगडाची फुलं, सगळं तिथेच. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतो तिथेही माळा-आरशांचा माल असतोच. मामेबहिणीला मात्र पुण्यात 'इमिटेशन ज्वेलरी' मागायला सांगा, कटलरी मागितली तर खरंच चमचे हातात देतील.