पहिल्या ट्रायथलॉनसाठी ६५ हजारांत कोणती सायकल घ्यावी?

आपण लिहिले आहे की दोन अर्धमॅरेथॉन झाल्या आहेत, पोहण्याचा सराव वर्षभर चालू आहे, आधी ऑलिम्पिक अंतराची ट्रायथलॉन (पोहणे, सायकल आणि धावणे एकापाठोपाठ) आणि पुढच्या वर्षी जमल्यास गोव्याची ७०.३, म्हणजे त्याहून लांब अंतराची अर्ध-आयर्नमॅन शर्यत, करायची आहे. उंची पाच फूट सहा इंच, राहणे पुण्यात आणि सायकलीसाठी एकूण ६५ हजार रुपये. ओळखीचे एक गृहस्थ आपली जुनी टाइम ट्रायलची सायकल (पुढे वाकून, कोपरे टेकवून एकट्याने वेगात चालवण्यासाठीची) याच रकमेत देत आहेत, ती घ्यावी की साधी रोड बाइक (खाली वळलेल्या हँडलची), हा आपला प्रश्न. माझे मत असे की टाइम ट्रायलची सायकल या टप्प्यावर घेऊ नये. लांब पल्ल्याच्या, म्हणजे थोड्या सरळ बैठकीची, ॲल्युमिनियम फ्रेमची रोड बाइक घ्यावी, आणि मापाच्या बाबतीत मात्र कोणतीही तडजोड करू नये.

टाइम ट्रायलच्या सायकलीत गिअर पुढच्या लांब दांड्यांच्या टोकाला असतात आणि ब्रेक बाजूच्या हँडलला. शर्यतीच्या मोकळ्या रस्त्यावर ही रचना योग्यच आहे. पण आपला नव्वद टक्के सराव सकाळी सहा वाजता सिंहगड रस्त्यावर होणार, तिथे अचानक गतिरोधक, रिक्षा किंवा कुत्रा आडवा आला तर कोपरांवर टेकलेला हात ब्रेकपर्यंत पोहोचायला जो क्षण लागतो तोच महागात पडतो. शिवाय ज्या शर्यतींत दुसऱ्याच्या मागे वाऱ्याचा आडोसा घेऊन चालवण्याची मुभा असते, तिथे ही सायकल चालत नाही. रोड बाइक दोन्हीकडे चालते.

आता मापाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझे स्वतःचे आठ महिने इथेच वाया गेले. माझी उंची आपल्याएवढीच आहे. ज्या दुकानातून मी पहिली सायकल घेतली तिथे माझ्या मापाची शिल्लक नव्हती, म्हणून "स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) आखूड लावून देतो, काही फरक पडत नाही" असे सांगून मला ५६ सेंटीमीटर मापाची मोठी फ्रेम देण्यात आली. चाळीस किलोमीटरनंतर दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होऊ लागे, मान आखडे, आणि पोहून आलेल्या खांद्यांवर तोच भार पडल्यामुळे पुढचे धावणे सुरू होण्याआधीच अंग मोडून जाई. स्टेम बदलला, सीट पुढे घेतली, तरी लांब फ्रेम लांबच राहिली. शेवटी ती तोट्यात विकून ५२ ची घेतली आणि पहिल्याच आठवड्यात बोटांची बधिरता गेली.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरी एक माप घ्यावे. भिंतीला पाठ टेकवून अनवाणी उभे राहावे, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटसारखे घट्ट वर दाबून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर कोणाकडून तरी मोजून घ्यावे. या अंतराला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या (पेडलच्या दांड्या ज्याभोवती फिरतात त्या अक्षाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची अंदाजे उंची मिळते. उदाहरणार्थ ७८ सेंटीमीटर आले तर सुमारे ६९. हा फक्त आरंभबिंदू आहे. फ्रेमवर छापलेला आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, त्यामुळे स्टॅक आणि रीच, म्हणजे फ्रेमची उभी उंची आणि आडवी लांबी, हे दोन आकडे पाहूनच दोन सायकलींची तुलना करावी. दोन मापांच्या मधोमध असाल तर लहान घ्यावी. लहान फ्रेम वाढवता येते, मोठी कमी करता येत नाही.

दुसरी गोष्ट गिअरची. अगदी स्वस्त रोड बाइकमध्ये गिअरचे लिव्हर हँडलच्या मध्याजवळ वेगळे बसवलेले असतात आणि प्रत्येक वेळी हात ब्रेकवरून उचलावा लागतो; घाटात हे धोक्याचे आहे. ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये असणे ही माझ्या मते किमान अट असावी. शिमानो कंपनीच्या संचांत क्लॅरिस हा मागे आठ गिअरचा संच या दृष्टीने पुरेसा आहे. नऊचा सोरा मिळाला तर उत्तम, पण दहाच्या टियाग्रासाठी बजेट ताणण्याची गरज नाही. त्यापेक्षा दातांची संख्या पाहावी. पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चक्रे) आणि मागे ३२ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) असेल तर सर्वांत हलक्या गिअरवर मिनिटाला ६० फेऱ्या मारत साधारण ताशी आठ किलोमीटर वेगाने चढता येते. पुढे ४४ दातांची एकच चेनरिंग आणि मागे २८ असेल, तर त्याच ६० फेऱ्यांसाठी जवळपास बाराचा वेग धरावा लागतो, आणि सिंहगडाच्या चढावर तो नवशिक्याला टिकत नाही. मग पेडल रेटत चढावे लागते आणि त्याची किंमत गुडघे धावताना मोजतात.

ब्रेक रिमचे की डिस्कचे, यावर फार वेळ घालवू नये. पावसाळ्यात नियमित चालवणार असाल तर डिस्क, नाहीतर चांगले पॅड लावलेले रिम ब्रेक पुरतात. टायर मात्र २८ मिलिमीटरचे बसतील एवढी जागा फ्रेममध्ये असावी, कारण आपल्या रस्त्यांवर बारीक टायर हात आणि कंबर दोन्ही शिणवतात.

वजनाविषयी बरीच चर्चा होते, पण सपाट रस्त्यावर पंचवीस-तीसच्या वेगात बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि हवेचा सर्वांत मोठा अडथळा सायकलचा नसून चालवणाऱ्याच्या शरीराचा असतो. म्हणून एक किलो हलक्या फ्रेमसाठी दहा हजार घालण्यापेक्षा, सहा महिन्यांनी बैठक स्थिर झाल्यावर साध्या हँडलला बसणाऱ्या एअरो दांड्या (कोपरे टेकवून वाकून चालवण्यासाठीच्या) लावाव्यात. गोव्याच्या ९० किलोमीटरमध्ये सरासरी २५ वरून २७ झाली तर सुमारे सोळा मिनिटे वाचतात, आणि ही वाढ बैठक व सराव यांतूनच येते.

रकमेची वाटणी मी अशी करीन: सायकलीसाठी ५० ते ५२ हजार, उरलेल्यात चांगले हेल्मेट, पॅड असलेली चड्डी, पंप, दोन सुट्या ट्यूब, टायर लिव्हर आणि जाणकाराकडून बैठक बसवून घेण्याचा खर्च. क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट नंतर घेतले तरी चालतात.

जुनी सायकल घ्यायचीच असेल तर तीही रोड बाइकच पाहावी, आणि फूटपट्टी सोबत न्यावी. चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून मोजत गेल्यावर चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. ती एक अष्टमांश इंच पुढे गेलेली असेल, तर चेनबरोबर बहुधा कॅसेटही बदलावी लागेल; तो खर्च किमतीतून वजा करून मागावा. फ्रेम कार्बनची असेल आणि रंगाला तडा दिसत असेल, तर घेऊ नये.

पुस्तकाने घेतलेले माप आणि मनात असलेल्या दोन-तीन सायकलींचे स्टॅक व रीच इथे लिहावेत, म्हणजे कोणती फ्रेम आपल्याला बसेल ते नेमके सांगता येईल. तोवर कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये.