पोट भरलंय, पण तो मानायला तयार नाही

प्रश्न: ताई, माझ्याकडे कॅलिफोर्निया किंगस्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) आहे, दीड वर्षाचा, वजन साधारण 200 ग्रॅम. दर चार दिवसांनी एक उंदीर देतो (फ्रोझन, वितळवून). गिळून झाला की पाचव्या मिनिटाला परत टँकभर शोधत फिरतो, काचेबाहेर माझा हात दिसला तरी तोंड आपटतो. गेल्या आठवड्यात पाण्याचं भांडं बदलायला हात घातला तर सरळ अंगठा धरला आणि वर वेटोळं घालून आवळायला लागला, सोडेचना. मी ओढून काढला, रक्त आलं. हा उपाशी राहतोय का? अजून एक उंदीर वाढवू का? घरचे म्हणतात चिडका झालाय, देऊन टाक.

उत्तर: चिडका नाहीये हो, आणि उपाशी तर अजिबातच नाही. चिडलेला साप शेपूट थरथरवतो, चावतो आणि लगेच सोडून मागे सरकतो. तुमच्यावाल्याने धरून ठेवलं आणि आवळलं, म्हणजे त्याच्या हिशोबाने ते जेवण होतं. अंगठ्याला उंदराचा वास असणार, किंवा वास नसला तरी झाकण उघडलं आणि काहीतरी हलतंय एवढं त्याला पुरतं.

किंगस्नेक जातच अशी आहे. रानात हे उंदीर, सरडे, अंडी आणि चक्क दुसरे साप खातात, रॅटलस्नेकसुद्धा, कारण त्याचं विष यांना फारसं बाधत नाही. पुढचं जेवण कधी मिळेल याचा भरवसा नसलेला प्राणी समोर आलेलं नाकारत नाही, त्यामुळे "हा मागतोय म्हणजे याला हवंय" हे माप किंगस्नेकला लावायचंच नाही. तो कायम मागणार. तुम्ही दोन दिलेत तरी तिसऱ्यासाठी काचेवर तोंड आपटेल.

मग माप कुठलं, तर वजन आणि अंगाची ठेवण. या वयात एका वेळचं खाणं त्याच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 20 ग्रॅमचा उंदीर, आणि जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी किंवा अगदी किंचित जास्त. हे दर 7 ते 10 दिवसांनी. पूर्ण वाढ झाली की 10 ते 14 दिवसांनी. चार दिवसांचं अंतर पिल्लाला चाललं असतं एक वेळ, याला खूप होतंय. सापाला फिरून कॅलरी जाळायची सवय नसते, जास्तीचं सगळं चरबीत जातं, लिव्हरवरही चढतं, आणि बाहेरून तुम्हाला फक्त "काय मस्त गुटगुटीत झालाय" एवढंच दिसतं. तो सरळ पसरलेला असताना (नुकतं जेवलेला नको) खवल्यांच्या मधली कातडी दिसते का, वळताना अंगाला घड्या पडतात का ते बघा. दिसलं तर जाड झालाय. उलट पाठीचा कणा घराच्या आढ्यासारखा टोकदार वर आला असेल तर बारीक. महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहा, काटा मात्र स्वयंपाकातला वापरू नका, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असतो यांच्या अंगावर.

जेवणानंतरच्या फेऱ्यांचं काही करायचं नाही. लाइट बंद करा, टँकवर कापड टाका, तुम्ही समोरून उठून जा. थोड्या वेळाने आपोआप उबदार कोपऱ्यात जाऊन पडतो. नंतर 48 तास हात लावायचा नाही. उबदार बाजू 30-31 अंशांच्या आसपास हवी आणि हीटरला थर्मोस्टॅट हवाच, थंडीत पचन अडतं आणि मग आख्खा उंदीर उलटीत बाहेर पडतो. तसं झालं तर घाईने दुसरा देऊ नका, निदान 10 ते 14 दिवस थांबा आणि मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा द्या. परत झालं तर डॉक्टर.

आता अंगठ्याचं. त्याला दोन वेगळे निरोप कळायला हवेत: आज जेवण आहे, आणि आज नुसती साफसफाई आहे. साफसफाईच्या दिवशी आधी साबणाने हात धुवा, मग झाकण उघडून हुकने किंवा कागदाच्या गुंडाळीने त्याच्या अंगाच्या मध्यावर हलकेच टोकरा, डोक्यावर नाही. जीभ काढत शांत झाला की मगच हात. जेवणाच्या दिवशी टोकरायचं नाही, आणि उंदीर कायम 30 सेंटिमीटरच्या लांब चिमट्याने. हे दरवेळी न चुकता केलं तर काही आठवड्यांत बराच फरक पडतो. काही जण सांगतात वेगळ्या डब्यात नेऊन खायला घाला म्हणजे टँकमधे हात चावणार नाही, मला ते पटत नाही, कारण भूक चाळवलेला साप उचलून परत आणताना तुमचाच हात समोर असतो आणि भरल्या पोटाने हाताळणी झाली की उलटी.

आणि परत धरलंच तर ओढू नका! दात मागे वळलेले असतात, ओढलं की तुमची कातडी फाटते आणि त्याचे दात तुटून बसतात. थंड पाण्याच्या धारेखाली धरा, वेटोळं शेपटीकडून उलगडत या, सुटेल. मग साबणाने धुवा.

एक अजून, त्याच्या टँकमधे सोबत म्हणून दुसरा साप कधीच नको. सोबत कुठली, ताटच आहे ते.

प्रश्न: वरच्यांची तक्रार वाचून हेवा वाटला. आमचा मोठा बॉल पायथन (अजगराची एक जात) दोन महिने तोंड लावत नाहीये. थोडी भूक उसनी मिळेल का?

उत्तर: मिळाली असती तर दोघांचंही भलं झालं असतं! मोठा, तब्येतीने चांगला बॉल पायथन कित्येकदा महिनोन्महिने खात नाही. वजन बघत राहा, टिकून असेल तर घाबरू नका. गरम बाजूचं तापमान, आणि अंग टेकेल अशी घट्ट लपायची जागा दोन्ही बाजूंना आहे का ते तपासा. वजन झपाट्याने उतरत असेल किंवा श्वासाचा आवाज येत असेल तर मात्र लगेच दाखवा. रोज उंदीर नाकासमोर नाचवू नका, 10-14 दिवसांनी एकदा, संध्याकाळी, गरम पाण्यात पिशवीत ठेवून डोकं चांगलं उबदार करून (मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो आणि फुटतो). सकाळपर्यंत नाही घेतला तर टाकून द्या, परत फ्रीजरमधे ठेवायचा नाही.